साडेबाराशेतला एक

पहाटे धार काढायला बसलं की कधीकधी गाईच्या कासेमागे, मांडीच्या आतल्या मऊ कातडीवर, बोटांना एरंडाच्या बीसारखं काहीतरी लागतं. राखाडी-हिरवट, फुगलेलं, घट्ट चिकटलेलं. तो गोचीड. आमची आजी रोज संध्याकाळी कंदील घेऊन गोठ्यात बसायची, एकेक गोचीड उपटायची आणि रॉकेलच्या डबीत टाकायची. किती पडले ते मोजायचं काम माझं. चाळीस, पन्नास, पावसाळा सरताना एखाद्या दिवशी शंभराच्याही वर. मोजून झालं की हिशेब संपला, असं मला वाटायचं.

त्या डबीतला हिशेब किती मोठा होता हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

गुरांवर आढळणाऱ्या या गोचिडाचं शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. दक्षिण आणि आग्नेय आशिया हे त्याचं मूळ घर. आज तो आणि त्याचे सख्खे भाऊबंद आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आणि मध्य अमेरिका अशा सगळ्या उष्ण पट्ट्यात आहेत. उत्तरेला सुमारे ३२ अक्षांशापासून दक्षिणेला ३५ अक्षांशापर्यंत पृथ्वीच्या पोटाला बांधलेला हा रुंद पट्टाच म्हणायचा. जगात गाई-बैलांची संख्या सुमारे १५० कोटी. त्यांतली ८० टक्के, म्हणजे १२० कोटी जनावरं, गोचीड आणि गोचिडांनी पसरवलेल्या रोगांच्या टप्प्यात येतात. यातून होणारं नुकसान अभ्यासकांनी वर्षाला २,२०० ते ३,००० कोटी डॉलर इतकं धरलं आहे. डॉलर ८५ रुपयांचा मानला तर ही रक्कम १ लाख ८७ हजार ते २ लाख ५५ हजार कोटी रुपये होते. दर वर्षी.

आणि हा सगळा पराक्रम अशा जिवाचा आहे, ज्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही आणि जो आयुष्यभरात स्वतःच्या पायांनी जेमतेम काही हात चालतो.

२१ दिवस

अंड्यातून बाहेर पडलेलं गोचिडाचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरचं असतं, राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान. पाय सहा. ते गवताच्या काडीवर चढतं आणि टोकाशी इतर शेकडो पिल्लांबरोबर झुबक्यानं थांबतं. त्याच्या पुढच्या पायांवर एक इंद्रिय असतं. जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास त्याला तिथून कळतो. गाय जवळून गेली की पाय पुढे काढून ते तिच्या केसांना धरतं. गाय आली नाही तर थांबतं. उन्हाळ्यात काही आठवडे, गारवा आणि ओल असेल तर तीन-चार महिने आणि त्याहूनही जास्त, पोटात अन्नाचा कण नसताना.

गोचिडांच्या बऱ्याच जाती आयुष्यात तीन वेगवेगळ्या जनावरांवर राहतात. पिल्लू एखाद्या उंदरावर, मधली अवस्था सशावर, मोठा झालेला गोचीड हरणावर किंवा गाईवर. प्रत्येक बदलात जमिनीवर उतरायचं आणि पुन्हा नशीब आजमावायचं. मायक्रोप्लस हे करत नाही. एकदा गाईवर चढला की तिथंच कात टाकतो, सहाचे आठ पाय होतात, पुन्हा कात टाकतो, तिथंच नर-मादीची गाठ पडते आणि तिथंच मादी शेवटचं जेवण जेवते. हे सगळं साधारण २१ दिवसांत.

शेवटचं जेवण तर अंकगणितालाही थांबून पाहावंसं वाटेल असं आहे. उपाशी मादी आणि रक्त पिऊन टम्म झालेली मादी यांच्या वजनात शंभरपटीहून अधिक फरक असतो, आणि त्यातलं बहुतेक रक्त ती गाईवरच्या शेवटच्या २४ तासांत पिते. पन्नास किलोचा माणूस असा जेवला तर त्याचं वजन पाच हजार किलो होईल, मोठ्या हत्तीएवढं. मग पहाटेच्या सुमारास ती गाईवरून गळून पडते आणि सावलीतली भेग शोधते.

हे २१ दिवस लक्षात ठेवावेत. या प्राण्याच्या जगप्रवासाचं तिकीट याच आकड्यात आहे. जनावर टेम्पोत असो, आगगाडीत असो की जहाजात, तीन आठवडे गोचिडाला जमिनीची गरजच पडत नाही. त्याचं घर, त्याचं जेवण आणि त्याचं वाहन एकच.

२,५०० अंडी

गळून पडलेली मादी दोन-चार दिवस शांत असते. मग अंडी घालू लागते. सुमारे दोन आठवडे ती अंडी घालत राहते आणि आकसत जाते. प्यालेल्या रक्तापासून कमावलेलं जवळजवळ अर्धं वजन ती अंड्यांत उतरवते आणि मरते. एका मादीची अंडी साधारण दोन ते तीन हजार. आपण मधला आकडा धरू, २,५००.

आता एक कल्पनेतला हिशेब करू. यात एकही पिल्लू मरत नाही आणि प्रत्येकाला गाय मिळते. २,५०० पिल्लांतल्या निम्म्या माद्या, म्हणजे १,२५०. त्यांची अंडी ३१ लाख २५ हजार. त्यातल्या निम्म्या माद्यांची अंडी ३९० कोटी ६२ लाख ५० हजार. ही झाली तिसरी पिढी. चौथ्या पिढीची अंडी ४ लाख ८८ हजार कोटी.

ही संख्या डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून तिचं वजन करून पाहू. गोचिडाची साधारण वीस हजार अंडी एका ग्रॅममध्ये मावतात. या हिशेबाने चौथ्या पिढीच्या अंड्यांचं वजन सुमारे २४४ टन भरतं. चारशे किलोची एक गाय धरली तर हे सहाशे गाईंचं वजन झालं. आणि ही अंडी जगातल्या दीडशे कोटी गुरांत सारखी वाटली तर प्रत्येक जनावराच्या वाट्याला ३,२०० हून अधिक येतील. सुरुवात कुठून झाली होती? एका मादीपासून. उष्ण हवेत एका वर्षात या गोचिडाच्या तीन ते पाच पिढ्या होतात, म्हणजे हा सारा पसारा कागदावर साधारण एका वर्षाचा.

आजीला हे गणित येत नव्हतं. पण मी कधी उपटलेला गोचीड भुईवर टाकला तर ती रागवायची. "अरे, खाली टाकू नकोस, डबीत टाक!" तिच्या या एका वाक्यात किती अर्थ होता ते आता कळतं. टम्म फुगलेली मादी तशीही गळून पडणारच होती, तिला जमिनीवरच जायचं होतं. तिला उपटून भुईवर टाकणं म्हणजे तिला तिच्या बाळंतपणाच्या खोलीत नेऊन सोडणं. आजीच्या डबीत पडलेली प्रत्येक फुगीर मादी म्हणजे न जन्मलेले अडीच हजार गोचीड होते. शंभर मोजले त्या दिवशी मी खरं तर दोन-अडीच लाखांपर्यंत मोजायला हवं होतं.

१,२५० पैकी १

मग जग गोचिडांखाली गाडलं का जात नाही? ऊन पिल्लांना सुकवतं, मुंग्या अंडी पळवतात, कोंबड्या आणि बगळे फुगलेले गोचीड टिपतात, गाय जिभेनं अंग चाटून पिल्लं काढून टाकते आणि बहुसंख्य पिल्लांना गाय कधी भेटतच नाही.

इथं मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा दिसतो. गोचिडांची संख्या आहे तेवढीच राहायची असेल तर एका मादीच्या २,५०० अंड्यांमधून फक्त दोन जीव मोठे होऊन वंश पुढे नेऊ शकले पाहिजेत, एक नर आणि एक मादी. म्हणजे १,२५० पैकी १. उरलेले १,२४९ मेले पाहिजेत. टक्क्यांत सांगायचं तर ९९.९२ टक्के मरण हा या जिवाचा रोजचा, सामान्य तोल आहे.

आता तो तोल किंचित हलवा. १,२५० पैकी एकाऐवजी दोन जगले, मृत्यूचं प्रमाण ९९.९२ वरून ९९.८४ टक्क्यांवर आलं, एवढंच. कुणाच्या लक्षातही येणार नाही असा हा फरक. पण आता प्रत्येक पिढीत गोचीड दुप्पट होतील. वर्षाला चार पिढ्या धरल्या तर पहिल्या वर्षी सोळापट, दुसऱ्या वर्षी २५६ पट. एखादा हिवाळा थोडा ऊबदार गेला, गोठ्यात थोड्या जास्त भेगा राहिल्या, औषधाची मात्रा थोडी कमी पडली, नव्या गाईची कातडी थोडी मऊ निघाली, की साडेबाराशेतल्या एकाला जोडीदार मिळतो.

जगभर जे घडलं ते असंच घडलं. माणसानं गोचिडाला दर वेळी एक छोटीशी सवलत दिली.

२,८०० कोटी पट

मुंबई ते ब्राझीलमधलं साओ पाउलो हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या पिल्लाच्या दृष्टीनं हे त्याच्या स्वतःच्या लांबीच्या २,८०० कोटी पट झालं. साडेपाच फुटी माणूस स्वतःच्या उंचीच्या इतक्या पट चालला तर पावणेपाच कोटी किलोमीटर जाईल. शुक्र हा ग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा त्याहून कमी अंतरावर असतो. गोचिडानं असले प्रवास केले, एकदा नाही, अनेकदा, आणि प्रत्येक वेळी माणसाच्या खर्चानं.

या प्रवासाची सर्वांत बोलकी खूण त्याच्या नावातच आहे. मूळचा आशियातला हा जीव शास्त्राच्या वहीत उतरला तो १८८८ साली, इटालियन शास्त्रज्ञ जोव्हानी कानेस्त्रिनी यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा. नमुने कुठले होते? पॅराग्वेचे. विज्ञानाला त्याची ओळख पटली तोवर तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन स्थायिक झाला होता.

१८७२ साली जावा बेटावरच्या बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, वशिंडाची गुरं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन बंदरात उतरली. त्यांच्या अंगावरून गोचीड त्या खंडात शिरला. १८९१ मध्ये तो क्वीन्सलँडमध्ये पोहोचला आणि १९०६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सीमेवर. (ऑस्ट्रेलियात रुजलेली शाखा पुरेशी वेगळी आहे, म्हणून २०१२ साली तिला पुन्हा ऱ्हिपिसेफॅलस ऑस्ट्रेलिस असं स्वतंत्र नाव मिळालं.) १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैन्यासाठी ऑस्ट्रेलियाहून न्यू कॅलेडोनियाला जनावरं गेली आणि त्यांच्याबरोबर गोचीडही गेला. आफ्रिकेत १८९६च्या सुमारास बुळकांडी रोगानं लाखो गुरं मेली, रिकामे गोठे भरायला मादागास्करहून जनावरं आणली गेली, त्यांच्या अंगावरून तो दक्षिण आफ्रिकेत उतरला. एका साथीतून सावरण्यासाठी उचललेलं पाऊल दुसऱ्या संकटाचं दार झालं.

पश्चिम आफ्रिकेची कहाणी तर आपल्या अगदी जवळची आहे. गुजरातच्या गीर गाई आणि आंध्रच्या ओंगोल गाई ब्राझीलनं गेल्या दीडशे वर्षांत नेल्या आणि त्यांवर आपली पशुसंपत्ती उभी केली. ओंगोलचं तिथं नेलोर झालं. आज ब्राझीलमध्ये २३ कोटींहून अधिक गुरं आहेत आणि त्यांतली फार मोठी संख्या नेलोर आणि इतर भारतीय वंशाची आहे. गीर आणि होल्स्टीनच्या संकरातून ब्राझीलनं गिरोलांडो ही दुधाळ जात घडवली. २००४च्या सुमारास या गिरोलांडो गाई पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये दूध वाढवण्यासाठी नेण्यात आल्या. २००७ मध्ये त्याच भागातल्या आयव्हरी कोस्टमध्ये मायक्रोप्लस सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली, पाठोपाठ बेनिनमध्येही तो आढळला. पुढच्या साधारण दहा-बारा वर्षांत बुर्किना फासो, माली, टोगो, नायजेरिया, कॅमेरून अशी नावं वाढत गेली. तिथं त्याचा एक स्थानिक चुलतभाऊ आहे. मायक्रोप्लस त्याच्याहून जास्त अंडी घालतो, आणि दोघांचा संकर झाला तर संतती वांझ निघते. त्यामुळे जिथं हा पाहुणा पोहोचला तिथं यजमान मागे हटू लागला.

आशियातला गोचीड, भारतातल्या गाईंचं रक्त, ब्राझीलमधली पैदास आणि आफ्रिकेतला गोठा. एवढ्या मोठ्या वर्तुळात गोचीड स्वतः चालला ते फक्त गवताच्या काडीपासून गाईच्या खुरापर्यंत.

३७ वर्षं

गोचीड नुसतं रक्त पीत नाही. बबेसिया नावाचे सूक्ष्म परजीवी तो गाईच्या रक्तात सोडतो. ते तांबड्या पेशी फोडतात. गाईला ताप भरतो, ती चारा सोडते, लघवी आधी तांबूस आणि मग कॉफीसारखी गर्द होते. उपचार वेळेवर झाला नाही तर काही दिवसांत गाय जाते. बबेसियाचं खरं सामर्थ्य पुढे आहे. आजारी गाईचं रक्त प्यालेल्या मादीच्या अंड्यांत तो उतरतो. म्हणजे तिची पिल्लं गाईला पहिल्यांदा चावतात तेव्हाच रोग घेऊन आलेली असू शकतात. रोग पुढे न्यायला एक आजारी गाय पुरते, कारण तिच्यामागे हजारो वारसदार असतात.

अमेरिकेत या रोगाला टेक्सास ताप म्हणत. टेक्सासची गुरं उत्तरेकडे हाकत नेली जात. ती स्वतः धडधाकट दिसत, पण ती ज्या रस्त्यानं गेली तिथली उत्तरेकडची गुरं आठवड्यांनी मरू लागत. १८६८ साली इलिनॉय आणि इंडियाना या दोन राज्यांत सुमारे १५,००० गुरं मेली. कारण कुणाला उमगेना. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८८९ पासून वॉशिंग्टनजवळ कुंपणं घालून प्रयोग केले. एका कुंपणात दक्षिणेकडची गोचीड असलेली गुरं आणि उत्तरेकडची गुरं एकत्र ठेवली. दुसऱ्यात दक्षिणेकडच्या गुरांच्या अंगावरचा एकेक गोचीड हातानं वेचून काढला आणि मगच ती उत्तरेकडच्या गुरांत सोडली. तिसऱ्यात दक्षिणेकडचं एकही जनावर ठेवलं नाही, फक्त गोचीड पसरले. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणात ताप आला. जिथं गोचीड वेचले होते तिथं आला नाही.

१८९३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. किड्यासारखा संधिपाद जीव सस्तन प्राण्याला रोग देतो याचा हा पहिला पक्का पुरावा. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. आमच्या आजीच्या हातात असलेली वेचणी आधुनिक रोगशास्त्राच्या पायाचा दगड होती, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

कारण कळल्यावर अमेरिकेनं १९०६ साली निर्मूलन सुरू केलं. त्या वेळी गुरांवरच्या गोचिडांमुळे होणारं वार्षिक नुकसान तिथं १३ कोटी डॉलर धरलं जात होतं, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे डॉलर. मायक्रोप्लस आणि त्याचा जुळ्यासारखा भाऊ अॅन्युलेटस या दोघांविरुद्ध ही मोहीम होती. गावोगावी आर्सेनिकच्या पाण्याचे हौद बांधले गेले आणि दर दोन आठवड्यांनी प्रत्येक जनावर त्यात बुचकळून काढलं गेलं. दोनच आठवडे का? कारण गोचीड २१ दिवसांत गळून पडतो. त्याआधी त्याला गाठलं तर अंडी घालायला कुणी उरत नाही. शेतकऱ्यांचा विरोध इतका होता की काही ठिकाणी हौद सुरुंगानं उडवले गेले. फ्लोरिडात गोचिडांना आसरा देतात म्हणून हजारो हरणं मारली गेली. १९४३ साली काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, ३७ वर्षांनी.

तरी ते संपलं नाही. मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या काठानं, सुमारे ८०० किलोमीटर लांबीचा कायमचा पहारा पट्टा ठेवावा लागला. नदी ओलांडून आलेली गुरं शोधायला तिथं आजही सरकारी स्वार घोड्यावरून फिरतात. आणि या पहाऱ्याला भगदाड पाडणाऱ्यांत आपल्याकडचाच एक प्राणी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेक्सासच्या एका कुरणात शिकारीसाठी नीलगाई सोडल्या गेल्या. त्यांची संख्या पुढे तीस हजारांहून जास्त झाली. कुंपणाखालून वाकून जाणाऱ्या आणि दूरदूर भटकणाऱ्या या नीलगाई गोचीड घेऊन फिरतात. आशियातून वेगवेगळ्या वाटांनी गेलेले दोन जुने शेजारी टेक्सासच्या काटेरी झुडपांत पुन्हा भेटले आहेत.

८.९ मिलिलिटर

आता मोठे आकडे बाजूला ठेवून सर्वांत लहान आकडा घेऊ. १९९८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या होल्स्टीन गाईंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त पिऊन फुगणाऱ्या प्रत्येक मादीमागे गाय दिवसाला ८.९ मिलिलिटर दूध कमी देते, असं त्यात दिसलं. म्हणजे दीड-दोन चमचे.

पन्नास फुगीर माद्या असतील तर ४४५ मिलिलिटर, जवळजवळ अर्धा लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर एका गाईमागे महिन्याला सुमारे ४०० रुपये. दहा गाईंमागे ४,०००. यात औषध, डॉक्टरांची फेरी आणि आजारी जनावराचा घोर धरलेला नाही. एक लाख गाईंवर रोज फक्त दहा-दहा माद्या मानल्या तरी दिवसाला ८,९०० लिटर आणि वर्षाला ३२ लाख लिटरहून जास्त दूध कासेत यायच्या आधीच संपतं. दीड-दोन चमच्यांची अशी बेरीज करत गेलं की ब्राझीलचा आकडा येतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार त्या एका देशात या एका गोचिडामुळे वर्षाला ३२४ कोटी डॉलरचं नुकसान होतं. भारतात गोचीड आणि त्यांच्या रोगांचा बोजा २००३ सालच्या एका अंदाजात वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर धरला होता.

इथं आपल्या जुन्या गाईंबद्दल बोलावं लागतं. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या वशिंडाच्या गाई हजारो वर्षं या गोचिडाबरोबर वाढल्या. त्यांच्या अंगावर चढलेल्या शंभर पिल्लांपैकी एखाद-दुसरंच मोठं होतं. कातडी खाजते, गाय चाटते, शरीर चाव्याच्या जागी झगडतं. युरोपीय वंशाच्या गाईवर मात्र शंभरातली दहा-वीसही तगतात. पुन्हा साडेबाराशेच्या तोलाकडे पाहा. दहापट सवलत म्हणजे काय ते तिथं कळतं. २०१९च्या पशुगणनेनुसार देशातल्या १९ कोटी २५ लाख गाई-बैलांपैकी ५ कोटी ४ लाख विदेशी आणि संकरित आहेत. त्यांच्या दुधावर लाखो घरं चालतात, मुलांच्या फिया भरल्या जातात, त्यामुळे त्या नकोत असं कुणी म्हणू नये. पण त्यांना गोठ्यात आणताना त्यांची कातडी या देशातल्या गोचिडाला अनोळखी आहे, हे ध्यानात ठेवून जास्त राखण करायला हवी.

६ औषधं

ऑस्ट्रेलियात आर्सेनिकनं जवळपास चाळीस वर्षं काम केलं. १९३६च्या सुमारास गोचीड त्याला दाद देईनासे झाले. मग डीडीटी आलं, तेही काही वर्षांत निकामी ठरू लागलं. त्यानंतरच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांना १९६०च्या दशकात, अमिट्राझला १९८०च्या दशकात प्रतिकार दिसला. आयव्हरमेक्टिनला दाद न देणारे गोचीड २००१ मध्ये ब्राझीलमधून नोंदले गेले. २०१४ मध्ये त्याच देशात सहा वेगवेगळ्या गटांतल्या औषधांना पुरून उरणारे गोचीड एकाच ठिकाणी सापडले. आपल्याकडेही "आता औषध लागू पडत नाही" हे वाक्य गोठ्यागोठ्यांत ऐकू येतं, आणि डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांना आपल्या गोचिडांनी मिळवलेला प्रतिकार शास्त्रज्ञांनी नोंदवला आहे.

कारण पुन्हा तेच गणित आहे. औषधानं शंभरातले नव्व्याण्णव मारले तर आपण खूश होतो. पण वाचलेली एक मादी साधी नसते. ती औषधातून तावून निघालेली असते आणि तिची अडीच हजार अंडी तिचा वारसा घेऊन येतात. हात आखडून अर्ध्या मात्रेत फवारलेलं औषध गोचीड मारण्याऐवजी गोचिडांची निवड करतं, दणकट ते राखून ठेवतं.

लसीचा मार्गही निघाला. गोचिडाच्या आतड्यातल्या एका प्रथिनाविरुद्ध गाईच्या रक्तात प्रतिकार तयार करायचा. गोचीड ते रक्त पितो आणि त्याच्याच आतड्यावर घाव बसतो. क्युबानं १९९३ मध्ये आणि ऑस्ट्रेलियानं १९९४ मध्ये अशा लसी वापरात आणल्या. त्या सगळे गोचीड मारत नाहीत, पण माद्यांची संख्या आणि अंडी घटवतात. म्हणजे तोल पुन्हा ९९.९२च्या दिशेनं ढकलतात, आणि खरं काम तिथंच आहे.

पुन्हा २१

एवढ्या आकड्यांनंतर आपल्या हातात काय उरतं? माझ्या मते बरंच उरतं. लक्षावधी पिल्लांशी गवतात जाऊन लढायची वेळ आपल्यावर येत नाही. त्यांतली बहुतेक निसर्गच मारतो. आपल्याकडे फक्त त्या साडेबाराशेतल्या एकाचं काम आहे, आणि तो कुठल्या दारानं येतो ते माहीत आहे.

सांगोला, लोणी, काष्टी, बेल्हे इथल्या बाजारांतून दर आठवड्याला गाई खरेदी होतात. टेम्पो संध्याकाळी दारात थांबतो. घरातली बाई भाकरतुकडा ओवाळून टाकते, गाईच्या कपाळाला कुंकू लावते. सगळ्यांना घाई असते ती तिला बाकीच्या गाईंच्या दावणीला बांधायची. डार्विन बंदरात, बेनिनच्या गोठ्यात, टेक्सासच्या कुरणात असाच एक क्षण येऊन गेला. जनावर उतरलं आणि कुणी त्याच्या कानात, शेपटीखाली, कासेमागे हात घालून पाहिलं नाही.

नवी गाय २१ दिवस वेगळी बांधावी. पहिल्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारून, वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत औषध करावं. ती जिथं बांधली तिथल्या भिंतीच्या आणि फरशीच्या भेगा बुजवाव्यात. रोज संध्याकाळी बोटं फिरवावीत आणि जे हाताला लागेल ते डबीत टाकावं. जो जीव सात समुद्र ओलांडून गेला त्याला थोपवायला एवढं पुरतं, कारण तो समुद्र ओलांडू शकला ते याच तीन आठवड्यांच्या बळावर.

आणि भुईवर टाकू नये. एकही.